पाळणाघरातल्या पोरांच्या जेवणाचे पैसे वेगळे घ्यायचे का फीमध्येच धरायचे

घरी चार-पाच लेकरं सांभाळणाऱ्या बायका आता आपल्या इकडे विदर्भात बऱ्याच गावात दिसतात. कोणाची आई झेडपी शाळेत शिकवायला, कोणी आशाताई, कोणी बचतगटाच्या कामात, अन् बाकीच्या वावरात जाणाऱ्या, घरची म्हातारी माणसं काही पोट्ट्यामागं धावू शकत नाहीत, मंग पोट्टं शेजारच्या काकूकडे. फी ठरते पण जेवणाचं कोणी धड बोलतच नाही. "खाईन जे घरात असन ते" एवढ्यावर विषय संपते. मंग दोन-तीन महिन्यांनी काकू कुरकुरते की डाळीतच सगळे पैसे चालले, अन् मायबाप म्हणते एवढंसं लेकरू खाऊन खाऊन किती खाईन बाप्पा.

माझं मत आधीच सांगून टाकते, मंग हिशोब. फी एकच घ्या, रोजचं साधं जेवण त्याच्यातच धरा, पण घरच्या वहीत जेवणाचा हिशोब वेगळा ठेवा. ताटामागं पैसे लावू नका. दूध, फळ अन् अंडी एवढ्याचं मात्र पहिल्याच दिवशी वेगळं बोलून घ्या.

ताटामागं का नाही, तर पंगतीमुळे. जेवण वेगळं विकत घ्यायचं म्हटलं की पाचातले दोघं म्हणणार आम्ही डबा देतो, एक म्हणणार आज नको, त्यानं सकाळी पोट भरून खाल्लं आहे, अन् दुपारी साडेबाराला तुमच्यासमोर पाच लेकरं बसलेली, तिघांच्या ताटात वरणभात अन् एक नुसतं पाहत बसलेलं. कोण्या बाईच्यानं होते ते? तुम्ही वाढणारच. म्हणजे पैसे देणाऱ्याच्या हिश्श्यातून न देणाऱ्याले जेवण चाललं, अन् हे सगळ्यांले कळते, गावात काही लपत नाही. दोन वर्षाच्या पोराले "तुझे पैसे नाही आले" हे सांगता येत नाही, सांगायचंही नाही. शहरात लोकं मेनू अन् रेटकार्ड लावत असतील, आपल्याकडे ते टिकत नाही.

हिशोब कसा मांडायचा

खाली जे भाव धरले ते उदाहरण म्हणून आहेत, तुमच्या किराणा दुकानातले भाव घालून परत करा, पद्धत तीच.

तीन वर्षाचं लेकरू दुपारी एकदा जेवते असं धरू, चार वाजताच्या खाण्याचा खर्च याच पद्धतीनं काढून वर मिळवा. कच्चे तांदूळ ५० ग्रॅम, ५० रुपये किलोनं अडीच रुपये. तूरडाळ २५ ग्रॅम, १३० नं सव्वातीन. कणिक ३० ग्रॅम, चाळीस रुपये किलोनं सव्वा रुपयाच्या आसपास. भाजी ६० ग्रॅम, पन्नासनं तीन रुपये. तेल आठ ग्रॅम, १५० नं सव्वा रुपया. मीठ-हळद-गूळ वगैरे एक रुपया. झाले बारा-साडेबारा. गॅस लोकं विसरतात. घरगुती सिलेंडर १४.२ किलोचं असते, ९०० रुपये धरले तर किलोमागं ६३ रुपये पडते, पाच पोरांच्या सैपाकाले रोजचा दीडशे ग्रॅम गॅस धरा, म्हणजे साडेनऊ रुपये, पोरामागं दोन. एकूण चौदा. वर सांडलं-लवंडलं, उरलं, फेकलं त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे साडेपंधरा. महिन्याचे २६ दिवस धरले की एका लेकरामागं ४०० रुपये.

आता दूध अन् फळ पाहा. दीडशे मिली दूध साठ रुपये लिटरनं नऊ रुपये, एक केळं पाच रुपये. हेही चौदा! म्हणजे अख्ख्या जेवणाले जेवढे लागतात तेवढेच एक कप दूध अन् एका केळ्याले. ज्या बाईचं गणित बिघडते तिचं वरणभातात नाही बिघडत, दुधात बिघडते. म्हणूनच म्हणते दूध-फळाचं वेगळं ठरवा. ज्यांच्या घरी म्हैस-गाय आहे ते म्हणतील आम्ही घरचंच दूध देतो, लय चांगलं, उकळून बाटलीत भरून द्या, उन्हाळ्यात आल्याबरोबर परत एकदा उकळायचं. बाकीच्यांनी दुधाचे पैसे जास्तीचे द्यायचे. इथं पुन्हा पंगतीचा प्रश्न येते, तर दुधाची वेळच वेगळी ठेवा, सकाळी पोरं मागंपुढं येतात तेव्हा एकेकाले देऊन मोकळं व्हा, सगळे एकत्र बसले असताना नको. केळं असलं तर सगळ्यांले अर्धं अर्धं, नाहीतर कोणालेच नाही.

अन् तुमची मेहनत? सैपाक, भरवणं, भांडे, हे दीड तासाचं काम आहे. तुमच्या गावात निंदनाची रोजी जी असन तिले तासानं भागा. समजा तीनशे रुपये रोज अन् सहा तास काम, तर तासाचे पन्नास, दीड तासाचे ७५, पाच लेकरांत प्रत्येकी पंधरा. घरच्यासोबतच शिजते म्हणून निम्मे धरले तरी महिन्याचे दोनशेच्या आसपास होतात. मेहनत धरून साध्या जेवणाचे सहाशे, दूध-फळ घालून साडेनऊशे. हा आकडा तुमच्या वहीत राहू द्या, सांभाळायच्या पैशात मिळवा अन् बाहेर एकच गोल आकडा सांगा. कोणी घासाघीस केली तर तुम्हाला माहीत पाहिजे की कुठपर्यंत खाली जाता येते अन् कुठं पदरचे जाणं सुरू होते. हा हिशोब न करता जी बाई "द्या तुम्ही काय द्यायचं ते" म्हणते ती वर्षभरात पाळणाघर बंद करते, पाहून घ्या.

"अंगणवाडीत फुकट भेटते, तू कायले घेते?"

हे ऐकावं लागणारच. भांडू नका, सांगा. अंगणवाडीतला आहार २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यातला हक्क आहे, तीन ते सहा वर्षाच्या लेकराले सकाळचा नाश्ता अन् गरम ताजं जेवण, दोन्ही मिळून ५०० कॅलरी अन् १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं असा निकष मूळ कायद्यात होता. सहा महिने ते तीन वर्षाच्या लेकरांचा आहार टीएचआर म्हणून घरी न्यायला मिळते. पण ५०० कॅलरी धरल्या तरी चार-पाच वर्षाच्या पोराच्या दिवसभराच्या गरजेचा साधारण तिसरा हिस्सा झाला, अन् अंगणवाडी काही सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत नसते. तुम्ही लेकरू दिवसभर ठेवता.

उलट अंगणवाडीचा फायदा करून घ्या. तीन वर्षावरची पोरं अंगणवाडीत नोंदवलेली असली अन् अंगणवाडी जवळ असली तर वेळेवर तिथं नेऊन बसवा, सेविकाबाई अन् मदतनीसबाईशी बोलून ठेवा, मायबापालेही सांगा. त्या पोरांचं दुपारचं जेवण तुमच्याकडून कमी झालं, मंग त्यांच्या फीतून तेवढे कमी करा, हा प्रामाणिकपणा गावात लय दिवस पुरते. टीएचआरचं पाकीट आईनं आणून दिलं तर ते त्याच लेकराचं आहे, त्याच्याच नावानं डब्यात ठेवा, पाच जणांत वाटू नका. शाळेतून दुपारी येणारा मोठा भाऊ असन तर तो शाळेत पोषण आहार खाऊन येते, त्याले चार वाजताचं खाणं फक्त, त्याचे पूर्ण जेवणाचे पैसे लावणं बरोबर नाही.

घरचा डबा

डबा ज्यांले द्यायचा त्यांनी द्यावा, माझी ना नाही, पण फी तीच ठेवा किंवा अगदी थोडी कमी करा. डबा आला तरी भरवणं, भांडं धुणं, पाणी, खाली सांडलेलं पुसणं तुमच्याकडेच आहे. अन् खरं सांगायचं तर वेचणीच्या दिवसात जी बाई सकाळी सहाले वावरात निघते ती डबा पाचाले भरते, लेकरू साडेबाराले खाते. हिवाळ्यात चालून जाते. एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ वर गेल्यावर शिजलेलं अन्न एखाद्या तासाच्या वर बाहेर ठेवूच नये, त्यात भात तर नाहीच नाही. भातातले काही जंतू शिजवल्यावरही जिवंत राहतात, अन् त्यांचं विष एकदा तयार झालं की परत गरम केल्यानंही जात नाही. म्हणून होळीनंतर पावसापर्यंत डबा बंद, सगळ्यांले ताजं, असा नियम करून टाकलेला बरा. शिळी पोळी कुस्करून तूप-गूळ हे मोठ्यांचं ठीक आहे, दुसऱ्याच्या लेकरावर प्रयोग नको.

डबा देण्यामागं कधीकधी दुसरंच कारण असते, ते लोकं तोंडानं बोलत नाहीत. कोणाच्या घरचं खायचं, कोणाच्या नाही. मी याच्यात गोलगोल बोलत नाही, सरळ सांगावं की डबा आणा पण लेकरू बसन सगळ्यांच्याच पंगतीत, पाणी एकाच माठातलं, वेगळा कोपरा मिळणार नाही. ज्याले पटत नाही त्यानं दुसरीकडे पाहावं. एक घर गेलं तर जाऊ द्या.

अंड्याचं मात्र वेगळं. माळकरी असतात, महानुभाव घरं असतात, त्यांच्यात चालत नाही अन् तो त्यांचा श्रद्धेचा भाग आहे, तो पाळायचा. आठवड्यातून दोनदा अंडं द्यायचं ठरलं तर पंगत झाल्यावर संध्याकाळी द्या, त्याचे पैसे ज्यांचे त्यांच्याकडून. ज्यांले नाही चालत त्यांच्यासाठी त्याच वेळेले शेंगदाण्याच्या कुटाचा लाडू. हा वेगळा खर्च ठेवायला सोपा आहे कारण अंडे मोजता येतात.

सुगीनुसार बदल

वर्षभर एकच फी अन् एकच जेवण हे आपल्या भागात बसत नाही. सोयाबीनची सोंगणी अन् कापसाची वेचणी सुरू झाली की मायबाप दोघंही अंधार पडेपर्यंत घरी नाहीत, वेचणी किलोवर असते, मंग बाई लवकर जाते अन् उशिरा येते. तेव्हा लेकराले एक जेवण पुरत नाही, सकाळचं खाणं अन् संध्याकाळचंही लागते. पूर्वेकडे भंडारा-गोंदिया-गडचिरोलीत हेच धानाच्या रोवण्यात होते. या दिवसांसाठी "जास्तीच्या वेळेची फी" असं नाव देऊन आधीच ठरवा, त्याच्यातच ते खाणं बसवा. संध्याकाळी सातच्या पुढं राहिलं तर रात्रीचं जेवण द्यावंच लागते, त्याचे मात्र त्या त्या दिवशी लिहून ठेवून महिन्याच्या शेवटी घ्या, कारण हे रोजचं नसते.

भाजीचंही तसंच. हिवाळ्यात मेथी, पालक, वांगे, हिरवे सोले स्वस्तात मिळतात, मे-जूनमध्ये त्याच पैशात निम्मी भाजी. उन्हाळ्यासाठी मुगाच्या वड्या करून ठेवल्या तर बराच भार हलका होते. डाळीचा भाव चढला म्हणून लगेच फी वाढवू नका, अन् वर्षानुवर्ष तीच ठेवूही नका. वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर अन् जूनमध्ये, एवढंच. मधल्या काळात डाळ महाग झाली तर तुरीसोबत मूग अन् मसूर चालवा. लाखोळी डाळ स्वस्त पडते म्हणून लेकरांच्या वरणात घालू नका, ती रोज अन् जास्त खाण्यात आली तर पायातली ताकद जाते.

पैसे कधी घ्यायचे हेही जेवणाशी जोडलेलं आहे, कारण किराणा तुम्हाला रोख आणावा लागते. पगारदार लोकांकडून महिन्याच्या पाच तारखेच्या आत आगाऊ. मजुरीवाल्यांकडून महिन्याचे मागू नका, त्यांचे चुकारे बाजाराच्या दिवशी होतात, त्याच दिवशी आठवड्याचे घ्या. पोळ्याच्या आधीचे दिवस सगळ्यांचेच तंगीचे, तेव्हा थोडं थांबावं लागते, पण थांबलेलं वहीत लिहा अन् समोरच्याची सही किंवा अंगठा घ्या.

धान्य दिलं तर

काही लोकं म्हणतात पैशाच्या जागी गहू घ्या, तूर घ्या. घ्यायला हरकत नाही, उलट घरच्या वापराले चांगलं पडते, पण भाव त्या दिवशीच्या बाजाराचा लावा अन् लगेच वहीत चढवा. तुरीत लोकं गडबड करतात, अख्खी तूर देऊन डाळीचा भाव धरायला लावतात. एक क्विंटल तुरीची डाळ साधारण ६५ ते ७५ किलो निघते, वरून भरडाईचे पैसे तुमचेच. म्हणून तुरीले तुरीचाच भाव. भाजीपाला कोणी प्रेमानं आणून दिला तर तो हिशोबात धरू नका, नाहीतर उद्या दोन वांगे देऊन फी कमी मागतील अन् तुम्हाला बोलता येणार नाही.

नाव लिहिताना काय विचारायचं

पैशाच्या आधी हे. लेकराले काय पचत नाही, कशानं अंगावर उठते, कोणतं औषध चालू आहे. आपल्या विदर्भात सिकलसेल, म्हणजे जन्मापासूनचा रक्ताचा आजार, बऱ्यापैकी आहे, म्हणून सरळ विचारा, तपासणी झाली का, कार्ड आहे का. सिकलसेलच्या लेकराले पाणी कमी पडलं की दुखणं उठू शकते, त्याले मागायची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळानं पाणी पाजायचं, अन् उन्हात खेळू द्यायचं नाही. याचे जास्तीचे पैसे कोणी लावू नये असं माझं मत.

एक वर्षाच्या आतल्या बाळाचं जेवण फीत धरूच नका. सहा महिने झाल्यावर चमचाभर वरणाचं-भाताचं मऊ करून द्यायचं, मीठ-साखर नाही, मध तर वर्ष होईपर्यंत अजिबात नाही. खर्च काहीच नाही पण वेळ लय जाते, तो वेळ सांभाळायच्या पैशात धरा. पावडरचं दूध लागत असन तर डबा अन् बाटली मायबापानंच आणायची.

खाऊच्या बाबतीत पाच वर्षाच्या आत अख्खे शेंगदाणे, फुटाणे नाहीत, बोरं अन् सीताफळ बिया काढल्याशिवाय नाही, घशात अडकते. संत्र्याची फोड बी काढून, वरचा पापुद्रा सोलून. चारच्या खाण्याले पोहे, मुरमुऱ्याचा ओला चिवडा, उकडलेलं रताळं, शेंगदाण्याचा कूट-गूळ, एवढं फिरवत राहिलं तरी भागते. बिस्किटाचा पुडा सगळ्यात सोपा आहे अन् महागही पडते, कधीतरीच ठेवा.

अजून एक. पोरांचा सैपाक करता करता काही जणी शिक्षकांचे, बँकेतल्या लोकांचे डबे सुरू करतात. ते वेगळं काम आहे, तो खाद्यव्यवसाय झाला, २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याप्रमाणे त्याची एफएसएसएआय म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते, सेतू केंद्रात विचारून करून घ्या अन् त्याचा हिशोब पोरांच्या हिशोबात मिसळू नका.

सगळं ठरलं की तोंडी ठेवू नका, व्हॉट्सॲपवर टाका अन् वहीतही लिहा. मेसेज असा काहीतरी: "ताई/भाऊ, फी महिन्याची इतकी, त्यात दुपारचं जेवण अन् चार वाजताचं खाणं आहे. दूध, फळ, अंडं पाहिजे असन तर त्याचे वेगळे, आधी सांगा. अंगणवाडीत जेवणाऱ्या पोराचे इतके कमी. संध्याकाळी सातनंतर राहिल्यास रात्रीच्या जेवणाचे इतके. सुट्टी असन तर आदल्या रात्री कळवा. सलग सात दिवसाच्या वर सुट्टी झाली तरच जेवणाचे पैसे कमी होतील, एक-दोन दिवसाचे नाही. फी दिवाळीनंतर अन् जूनमध्ये बदलू शकते." ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांले वाचून दाखवा.

एक-दोन दिवसाचे का नाही, हे विचारतील. किराणा महिन्याचा भरलेला असते अन् डाळ सकाळीच भिजवलेली असते, एवढं उत्तर पुरते. अन् लेकरू महिन्याच्या मधात कायमचं बंद झालं, बदली झाली किंवा आजीकडे गेलं, तर आगाऊ घेतलेल्यातून जेवणाचा उरलेल्या दिवसांचा हिस्सा परत द्यायचा, तुमच्या वहीत तो आकडा आहेच, सांभाळायचे पैसे जसे ठरले असतील तसे.